राखेतला उंडा

शिवम्मा गेली तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती. सकाळी तिनं म्हशीची धार काढली, दूध चुलीवर ठेवलं आणि शेजारी पाटावर टेकली. दूध उतू गेलं, विस्तवावर पडून करपलं, तरी ती उठली नाही. तो वास आमच्या ओसरीपर्यंत आला. आमची घरं भिंतीला भिंत लागून, रानांच्या मधे एकच बांध. मी सिद्रामप्पाला हाक मारली, "दूध गेलं बघा!" तो आत गेला आणि मग बराच वेळ त्याचा आवाजच आला नाही.

त्यांची एकुलती लेक मंजुश्री त्या दिवशी कंधारकडे होती, मन्याड नदीच्या काठी एका पांढरीवर. पिकते ती काळी आणि माणसं राहतात ती पांढरी, हे मी शाळेत दर वर्षी मुलांना सांगत असे. गाव उठून जातं, पण चुलींची राख, शेण, पडक्या भिंतींचा चुना मातीत मिसळून राहतो आणि ती माती पांढुरकी होते. मुलं ऐकायची आणि विसरायची. मंजुश्री दुसऱ्या दिवशी दप्तरात खापरं भरून घेऊन आली होती. पुढं नांदेडला कॉलेज केलं, मग पुण्याला शिकली, आणि जुन्या माणसांचं खाणं शोधायचं काम तिनं घेतलं. "राजे दुसऱ्यांना राहू द्या, गुरुजी," ती म्हणायची, "मला त्यांच्या प्रजेच्या चुली पाहिजेत."

ती आली तोवर सगळी तयारी झाली होती. लिंगायतांच्या रीतीनं शिवम्माला बसवून माती दिली. हातात इष्टलिंग, कपाळी विभूती. सगळ्यांनी मूठ मूठ माती लोटली. माती उकरणं हेच जिचं काम, त्या मंजुश्रीची मूठ काही उघडेना. शेवटी जंगमस्वामींनी हलक्या हातानं तिची बोटं सोडवली.

पाहुण्या बायका चांगल्या मनाच्या होत्या. जाताना त्यांनी घर लख्ख करून दिलं. आंबिलीचं मडकं आतून राख लावून घासलं. शिवम्मानं सुगीपासून एका डब्यात कडधान्यं मिसळून ठेवली होती, येळवसच्या भज्जीसाठी. जुनं धान्य घरात कशाला, म्हणून कुणीतरी तो डबा मठात देऊन टाकला.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्या लातूरकडे आणि नांदेडच्या काही भागात तिच्याएवढा मोठा सण नाही. त्या दिवशी गावात कुत्रंही राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पिकावर आंबील शिंपडत "होलगे, होलगे" म्हणत फिरायचं, मग जेवायचं आणि सांजेला पेटता पेंढा पिकाभोवती फिरवायचा. जेवणात बाजरीचे उंडे, म्हणजे भरड पिठाचे वाफवलेले गोळे, गव्हाची खीर, आणि भज्जी. ही भज्जी तळलेली नव्हे. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, वाल, पालेभाज्या असं रानातलं सगळं ताकाच्या बेसनात शिजवतात. दर घरची चव वेगळी. शिवम्माची तर अशी, की बांधाबांधावरून माणसं वाटी घेऊन यायची.

खोदकामाचे दिवस थंडीतले आणि येळवसही थंडीतली. त्यामुळं मंजुश्रीला कितीतरी वर्षं यायला जमलं नव्हतं. दर वर्षी फोनवर, "औंदा येते गं अव्वा," आणि दर वर्षी काहीतरी निघायचं.

या वर्षी ती तीन दिवस आधीच आली. घरात शिरत म्हणाली, "औंदा आले, अप्पा."

"औंदा?" सिद्रामप्पा म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

शिवम्मा गेल्यापासून तो जेवत नाही असं नव्हतं. ताटावर बसायचा, भाकरीचा तुकडा मोडायचा, दूध प्यायचा आणि उठायचा. अंगरख्यातून खांद्याची हाडं दिसायला लागली होती. डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं, दुखणं कसलंच नाही, पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर हा माणूस उन्हाळा बघत नाही. मंजुश्रीनं एकच धरलं होतं : अव्वाच्या भज्जीचा वास आला की अप्पा जेवतील.

मी तिथंच बसलो होतो. ती म्हणाली, "अप्पा, येळवसला भज्जी करते. अव्वा करायची तशी."

"काय काय घालायची ती?"

"तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा..."

"ते समद्याच घालतात. हिच्या भज्जीत आणखी काहीतरी असायचं. काय?"

मंजुश्रीची मोजणारी बोटं थांबली. मग म्हणाली, "तुमाला ठावं असंल, अप्पा."

"मी खाणारा माणूस. कधी इचारलं न्हाई." त्यानं तिच्याकडं पाहिलं. "दोन हजार वर्षांमागं मेलेल्या माणसाच्या चुलीवर काय शिजत होतं ते तुला कळतं, म्हणतेत. आईच्या चुलीवर काय शिजत होतं ते न्हाई कळलं, व्हय गं?"

रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. पाऊस कधी येईल असं विचारावं तसं त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माझ्या ओसरीवर आली. "गुरुजी, रानातली येळवसची चूल अव्वा दरसाल एकाच जागी मांडायची न्हवं?"

"चिंचेखाली. दगड पण तेच."

"अन् राख?"

"राख बांधाकडच्या खड्ड्यात. वर फरशी झाकायची. राख म्हणजे विभूतीची आई, पायदळी येऊ नये, असं म्हणायची ती. सगळे गाडीत बसले तरी ही मागं राहून चूल विझवायची, राख लोटायची."

मंजुश्रीचे डोळे बदलले. "पिंपभर पाणी लागंल," ती म्हणाली. "अन् एक मलमलचं धोतर द्या. जुनं असलं तरी चालंल."

माझी नात शिल्पा, तिसरीतली, शाळेला सुट्टी असल्यागत लगेच चपला घालून उभी. सुट्टी नव्हती. पण मी मास्तर होतो तेव्हाही मला वाटायचं, काही दिवस शाळेबाहेरच शिकायचे असतात.

फरशी उचलल्यावर मंजुश्रीनं खड्ड्याची एक बाजू लहान करणीनं सरळ कापून काढली. आत चपातीच्या पदरांसारखे थर दिसले. काळा, मग राखाडी, परत काळा, परत राखाडी.

"सांग शिल्पा, काळा थर कुठून आला?"

शिल्पानं बांधाकडं पाहिलं, वर आभाळाकडं पाहिलं. "पावसानं माती वाहून आली फटीतून."

"मग एक राखेचा अन् एक मातीचा मिळून?"

"एक वर्ष!" शिल्पा ओरडली. "म्हणजे सगळ्यात वरची राख मागल्या येळवसची!"

"शाबास. आता हे बघ. जे माणसाच्या पोटात गेलं ते गेलं. जे मातीत पडलं ते किड्यांनी खाल्लं. पण जे चुलीत सांडलं अन् करपून कोळसा झालं, त्याला कीडही लागत न्हाई अन् ते कुजतही न्हाई. आमच्यापर्यंत तेवढंच येतं."

"म्हणजे अक्का, तुमी लोकांचं उष्टं-खरकटं शोधता?"

"हाव. जुनं उष्टं."

"आई गं. त्या बाया भांडी घासत नव्हत्या का?"

"न घासणाऱ्या बायांमुळंच माझं पोट चालतंय बाई," मंजुश्री म्हणाली आणि हसली. आईला माती दिल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आमची काळी माती चिकट. पाण्यात ती सुटी व्हावी म्हणून मंजुश्रीनं बादलीत खाण्याचा सोडा टाकला. शिल्पा म्हणाली, "आता बेसन पण टाका, भजी होतील." मंजुश्रीनं वरच्या थराची राख पाण्यात सोडली आणि हातानं हळूहळू ढवळली. माती तळाला बसायला लागली आणि काळे काळे कण वर आले. ते तिनं माझ्या धोतराच्या फडक्यात गाळून घेतले.

खोदकामावर ती कधीच असं करत नाही, हे तिनं नंतर मला सांगितलं. तिथं राख आधी कोरडी, चाळणीतून, हातानं निवडायची; करपलेल्या अन्नाचे गोळे असतील तर बाजूला काढायचे; उरलेली राख मग पाण्यात. कारण जळलेलं बी पाण्यात टिकतं, पण पिठाचा जळलेला गोळा टिकेलच असं नाही. नव्या पोरांना ती हे पहिल्या दिवशी शिकवते. पण येळवस परवावर आली होती आणि घरी अप्पा भिंतीकडं तोंड करून बसले होते.

ती राख सोडत होती तेव्हा लिंबाएवढं एक काळं ढेकूळ वर आलं. अर्धवट तरंगलं. तिनं हात घालेपर्यंत ते फुटलं आणि पाणी गढूळ झालं.

"चिखलाचं असंल," ती म्हणाली. "शिल्पा, बादली ओत तिकडं करडईत."

शिल्पानं दोन्ही हातांनी बादली उचलून नेली आणि ओतली.

फडक्यावरचे कण सावलीत वाळल्यावर मंजुश्री भिंगातून बघायला लागली. तूर. हरभऱ्याची अर्धी डाळ. वालाच्या दाण्याचा डोळा. मधेच बारीक गवताचं बी निघालं, ते तिनं बाजूला ठेवलं. ते गोवरीतून आलेलं, म्हशीच्या पोटातून. मग चपटं, टोकदार, चकचकीत असं काही तिनं शिल्पाच्या तळहातावर ठेवलं. "जवस."

"भज्जीत जवस?" मी विचारलं.

"असंल. न्हाईतर हे पण म्हशीनं खाल्लेलं असंल, गुरुजी. राख दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं सांगते."

दुसऱ्या थराला तिनं घाई केली नाही. करणीच्या टोकानं राख सुटी करताना पुन्हा तसलंच गोल ढेकूळ लागलं. या वेळी तिनं ते बोटांनी अलगद काढलं, फुंकर मारली आणि भिंग लावलं. बघता बघता ती मंजुश्री राहिली नाही, खोदकामावरची बाई झाली.

"हे ढेकूळ न्हाई. पीठ हाय. भरड. बघा, वाफेची भोकं. अन् हे बाजरीचं टरफल." तिनं ते पोत्यावर ठेवलं. "उंडा हाय. अख्खा."

तिसऱ्या थरात आणखी एक. चौथ्यात आणखी एक, आणि तसंच खाली आठव्या-नवव्या थरापर्यंत. दर थराला एकच आणि कुणी दात न लावलेला.

मंजुश्री सवयीनं शिल्पाला विचारायला लागली. "सांग, कसा आला असंल?"

"हातातून पडला असंल चुलीत."

"दरसाल? अन् एकच?"

"देवाला दिला असंल."

"पांडव पाच. एकाला देऊन चौघांना उपाशी ठेवतील का?"

"कुत्र्याला टाकला असंल."

"कुत्रं खाऊन टाकंल. चुलीत कशाला ठेवंल?"

शिल्पा दमली. "मग तुमीच सांगा, अक्का."

"मला बी कळंना," मंजुश्री म्हणाली. ती आणखी खाली गेली. आता उंडे थांबले. एकापाठोपाठ कितीतरी थर, नुसती राख. मग बोरांच्या बिया लागल्या, पुष्कळ, एकाच जागी थुंकल्यासारख्या. आणि त्यांच्याखाली हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा. शिल्पानं तो मनगटाला लावून पाहिला. "ही तर माझ्यापेक्षा लहान पोरीची हाय."

मंजुश्रीनं तुकडा तिच्याकडून घेतला आणि तळहातावर ठेवून बघत राहिली. मला वाटतं, तिला तेव्हाच कळलं होतं. पण पुरावा पुरता हाती आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही तिच्या कामाची शिस्त.

पुरावा काठी टेकत बांधावरून आला. शिवम्मा गेल्यापासून सिद्रामप्पा रानात पहिल्यांदा येत होता. लेक रान उकरतेय असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं.

"काय करून राहिलीस गं?"

मग त्याची नजर पोत्यावर ओळीनं ठेवलेल्या काळ्या गोळ्यांवर गेली. तो थांबला. काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

"ते कशाला वर काढलंस, बाळ?"

"अप्पा, हे काय हाय?"

"उंडा हाय."

"ते कळलं. कुणाचा हाय?"

"कुणाचा असणार. तुझा."

चिंचेवर होले घुमत होते. सिद्रामप्पा हळूच खाली बसला.

"समद्यांची जेवणं झाली तरी एक पान झाकून ठेवायची. बांधाकडं बघत बसायची, गाडी चुकली असंल, मागून यील म्हणून. सांज व्हायची. पेटता पेंढा घेऊन पिकाभवती फिरून आलो की मी म्हणायचो, अगं, घाल ते गाईला. न्हाई. कुत्र्याला न्हाई, भिकाऱ्याला बी न्हाई. त्याला दुसरा देती म्हणायची. पानावरचा उंडा चुलीत सारायची. 'लेकीचा वाटा लेकीच्या रानात राहू द्या,' म्हणायची. मी हसायचो तिला."

मंजुश्रीचा आवाज अगदी बारीक झाला. "मागल्या साली पण?"

"मागल्या साली तर लईच बसली. तू फोनवर नक्की येते म्हणाली होतीस न्हवं. दिवस बुडाला, मी गाडीतून वरडलो. तवा उठली."

मागच्या वर्षीचा म्हणजे वरच्या थरातला. शिवम्मानं वळलेला शेवटचा.

बादली बांधावर पालथी घातलेली होती. शिल्पानं माझं धोतर घट्ट धरलं. "आबा, मी ओतलं."

"तुला सांगितलं ते तू केलंस," मी म्हणालो.

मंजुश्री उठून करडईत गेली. काटे तिच्या पायांना लागत होते. जिथं पाणी ओतलं होतं तिथं ती गुडघ्यांवर बसली आणि हातानं माती चाचपायला लागली. काळी माती भेगांनी पाणी पिते, वर खूण ठेवत नाही. ओल होती, बाकी काही नव्हतं. तिनं ओल्या मातीची मूठ भरली, नाकाशी नेली, पुन्हा खाली ठेवली. मग दुसऱ्या जागची भरली.

शिल्पा कडेला जाऊन उभी राहिली. "अक्का, परत गाळता यील का?"

"न्हाई गं बाळ."

"थोडंसं बी?"

मंजुश्रीनं मान हलवली, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून सिद्रामप्पा काठी तिथंच टाकून तिच्याकडं गेला. माती देताना ती रडली नव्हती. ते सगळं ती तिथं करडईत रडली. बाप तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा होता आणि सारखं एकच म्हणत होता, "जाऊ दे, पोरी. तुझंच होतं, तुझ्या हातनं गेलं. जाऊ दे."

उरलेले उंडे तिनं नेले नाहीत. नमुन्यांसाठी आणलेल्या पिशव्या तशाच घडी घालून ठेवल्या. ज्या थरातला जो, तो त्याच क्रमानं तिनं परत खड्ड्यात ठेवला, वर त्या त्या थराची राख लोटली. बांगडीचा तुकडाही खाली गेला. सगळ्यात वरची जागा मोकळी राहिली. फरशी सिद्रामप्पानं ठेवली.

येळवसला ती पहाटेपासून चुलीपाशी होती. राखेत जे जे सापडलं होतं ते ते तिनं भज्जीत घातलं, जवससुद्धा, भाजून, कुटून. बेसन राखेत सापडत नाही, ताक सापडत नाही, पालेभाजी सापडत नाही. ते तिनं आठवून घातलं. आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन रानात आली. कोपीपुढं पूजा झाली. मी आणि सिद्रामप्पा पिकात आंबील शिंपडत फिरलो. त्याची "होलगे" ऐकू येण्यासारखी नव्हती.

मग पानं वाढली. सिद्रामप्पानं भज्जीत बोट बुडवून चाखलं. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होतो, शिल्पासुद्धा हातातला घास तसाच धरून.

"जवस घातलंस?"

"हाव. अव्वा घालायची?"

त्यानं एक घास घेऊन चावला. "न्हाई," म्हणाला. "ते म्हशीचं. मीच घालत होतो तिला."

मंजुश्रीनं मान खाली घातली.

"चांगली झाली," सिद्रामप्पा म्हणाला. "तिची न्हाई. तिची आता व्हायची न्हाई." त्यानं पान पुढं सरकवलं. "वाढ आणखी."

तो जेवला. उंडा कुस्करून, भज्जी कालवून, सगळं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो पुसत नव्हता, कारण हात भरलेला होता.

बापलेकीच्या मधे एक पान झाकून ठेवलेलं होतं. कुणी ठेवलं ते मी पाहिलं नाही.

सांजेला पेंढा पिकाभोवती फिरवून झाला. शिल्पा बैलगाडीत चढली, सिद्रामप्पा चढला. मंजुश्री मागं राहिली. सिद्रामप्पानं तिला हाक मारली नाही. मी माझी काठी विसरलो म्हणून परत गेलो, तर ती चुलीपुढं वाकून बसली होती. झाकल्या पानावरचा उंडा तिनं विस्तवात सारला होता आणि वरून गोवरीचे तुकडे रचत होती.

"चल, पोरी. दिवस गेला."

"थांबा, गुरुजी," ती फुंकर मारत म्हणाली. "आतपर्यंत करपू द्या. कच्चा राहिला तर पाण्यात फुटतो."

मी तिच्याशेजारी बसलो. ती उंडा काटकीनं फिरवत राहिली, या बाजूनं, त्या बाजूनं, भाकरी फिरवावी तशी.